दुसऱ्यांदा विचारलं नाही

बाई सरळ मातीत आडवी झाली.

आमच्या हायस्कूलचं मैदान, सकाळचे साडेसात, डिसेंबरची थंडी. आणि ही पावणेसहा फुटांची गोरी बाई पोटावर झोपली, गाल जमिनीला टेकवला आणि तिथनंच मला इंग्रजीत म्हणाली, "आता तिला माझ्या डोळ्यांसमोरून चालायला सांगा. पूर्ण वेगात." हेडमास्तरांना वाटलं, बाईंना चक्करच आली. ते पाण्याचा तांब्या घेऊन पळत आले.

"काही झालं नाही, सर," मी म्हणालो. "पाय बघतायत त्या."

"झोपून?"

"झोपून."

"काय एकेक नमुने असतात," असं म्हणून त्यांनी ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.

दीपमाला निकम, दहावी ब, बाईंच्या नाकासमोरनं सहा फेऱ्या चालली. कंपाउंडच्या भिंतीवर पोरं बसली होती, ती नेहमीसारखी "बदक, बदक" करून ओरडत होती. मी एकाच्या दिशेनं खडा भिरकावला तेव्हा गप्प झाली. बाई उठली. गालाला लागलेली माती तशीच होती.

"पाच फेऱ्या फार सुंदर," ती म्हणाली. "सहावीत डावा गुडघा वाकतो. दमली की वाकतो. तुम्ही बघितलं असेलच."

"हो," मी म्हणालो.

मी काही बघितलं नव्हतं. तीन वर्षं त्या पोरीच्या मागं शिट्टी घेऊन फिरलो, पण मातीत गाल टेकवून बघायचं माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

हा खेळ म्हणजे चालण्याची शर्यत. पळायचं नाही, चालायचंच, पण इतक्या जोरात की शेजारनं रमतगमत पळणारा मागं पडावा. नियम दोनच. एक पाय कायम जमिनीला लागलेला पाहिजे, आणि पुढं टाकलेला पाय गुडघ्यात ताठ पाहिजे. त्यामुळं कंबर अशी काही हलते की पहिल्यांदा बघणारा हसतोच. दिपाची आई, शालनवहिनी, एकदा मला म्हणाली होती, "सर, पोरीच्या जातीला शोभतं काय हे?" त्यावर दिपाचे वडील आतनं ओरडले, "कंबर हलवून पदक मिळत आसंल तर हलू दे की! तुझी हलून काय मिळालं?" वहिनी लाटणं घेऊन आत गेली होती.

मी या खेळात कसा पडलो ते सांगितलं तर तुम्ही मलाच हसाल. शाळेत पी.टी. आणि इंग्रजी दोन्ही माझ्याकडं. जिल्हा स्पर्धेची यादी बघताना दिसलं, चालण्याच्या शर्यतीत मुलींची दोनच नावं. म्हणलं, तिसरी घातली की ब्राँझ कुठं जात नाही. दिपा पळण्यात शेवटनं तिसरी यायची, तिचं नाव टाकून दिलं. पुण्याहून नियमांच्या पुस्तकाची झेरॉक्स मागवली आणि तिच्यावरनं दोघंही शिकलो. पोरगी तिसरी नाही आली, पहिली आली. मग विभागात पहिली, राज्यात दुसरी. पेपरात फोटो आला, खाली 'प्रशिक्षक : गोरख साळुंखे'. आमच्या खानापूर तालुक्यात तोवर माझं नाव पेपरात यायचं काही कारण नव्हतं.

पुण्याच्या त्या राज्य स्पर्धेतच या बाईनं तिला बघितलं. बाईचं नाव मारिट, नॉर्वेची, एकेकाळची स्वतः चालणारी. गावानं अर्ध्या दिवसात तिची मीराबाई केली. ती ज्या संस्थेची होती तिला बऱ्याच देशांकडनं पैसा यायचा. जिथं खेळाडू आहेत पण शिकवणारं कोणी नाही, अशा देशांतली पोरं निवडायची आणि तीन वर्षं आपल्या केंद्रात न्यायची. राहणं, खाणं, शाळा, डॉक्टर, विमानाचं तिकीट, सगळं त्यांच्याकडं. त्या वर्षी सगळ्या आशियातनं चालणारी एकच मुलगी घ्यायची होती, आणि मारिटबाईंनी ठरवलं होतं, ती दिपा.

"सहा महिने लागतील," ती मैदानावर मला म्हणाली. "कंबरेचे आणि पोटऱ्यांचे व्यायाम, रोज कॅमेऱ्यासमोर चालणं. सहा महिन्यांत गुडघा सुधारेल. इथं राहिली तर मोठ्या शर्यतीत तिला बाहेर काढतील. तिच्यात दम आहे, नशीब आहे, फक्त गुडघा नाही."

दिपा माझ्या मागं उभी होती. तिला सगळं इंग्रजी कळत नव्हतं, पण बाईच्या तोंडाकडं अशी बघत होती की पापणी लवत नव्हती. "काय म्हणाल्या, सर?" तिनं विचारलं.

"चांगली चालतेस म्हणाल्या."

"आणि नेणार काय?"

"आधी घरी विचारणार. जा, आईला सांग, पाव्हणी जेवायला येतीय."

ती चालत न जाता पळत सुटली.

निकमांची वस्ती शाळेपासनं तीन किलोमीटर. मारिटबाईंनी पुण्याहून जीप केली होती, तिच्यात आम्ही निघालो. वाटेत तिनं मला त्यांच्या संस्थेचा एक नियम सांगितला, तो मला आजही जसाच्या तसा पाठ आहे.

"आईवडिलांना मी एकदाच विचारते," ती म्हणाली. "सगळं समजावून सांगायचं, मग एकदाच विचारायचं, आणि जे उत्तर मिळेल ते लिहून घ्यायचं. पूर्वी आमच्या लोकांनी एका देशात घरोघर गळ घातली. तीनतीनदा, चारचारदा. आईबाप भिडेपोटी हो म्हणाले. त्यातली एक मुलगी आमच्याकडं महिनाभर जेवली नाही. तेव्हापासून आग्रह बंद."

"चांगला नियम आहे," मी म्हणालो.

आणि मनात म्हणालो, मेलो! दिपाचे वडील, बाजीआबा, पहिल्यांदा नाहीच म्हणणार. आमच्याकडं कुणी एवढं मोठं काही देऊ केलं आणि माणूस पहिल्याच फटक्यात हो म्हणाला, तर गाव त्याला हावरट म्हणतं. टॉवेल-टोपीचा आहेर घेताना सुद्धा "कशाला, कशाला" करत हात मागं घ्यायचा. दुसऱ्यांदा म्हणलं की मान खाली घालायची. तिसऱ्यांदा "बरं, तुमचा एवढा आग्रह हाय तर" म्हणायचं. ही रीत आहे, तिच्यात खोटेपणा नाही. लहानपणापासनं सगळ्यांना माहीत असतं की पहिलं नाही हे नाही नसतंच.

शिवाय आबांना पोरगी लांब जाण्याची भीती असण्याचं काही कारणच नव्हतं. आमच्या भागातली निम्मी घरं गलाईवर जगलेली. जुने दागिने भट्टीत वितळवून सोनं शुद्ध करायचं, ती गलाई. आबा बाराव्या वर्षी तमिळनाडूत सेलमला गेले, भाषा येत नाही, ओळख नाही, आणि तीस वर्षं ॲसिडाच्या धुरात उभे राहिले. छाती खराब करून परत आले. मला एकदा म्हणाले होते, "सर, मी बारा वर्षांचा गेलो तवा पोटासाठी गेलो. माझी पोरगी गेली तर पदकासाठी जाईल. केवढा फरक हाय बगा." असला माणूस मनापासनं नाही म्हणेल? शक्यच नाही.

तर मी ठरवलं, पोचलो की आबांना बाजूला घ्यायचं आणि कानात सांगायचं, आज रीतभात गुंडाळून ठेवा, विचारलं की पहिल्याच वेळेला हो म्हणा. अगदी प्रामाणिकपणे ठरवलं होतं, हे माझ्या बाजूनं लिहून ठेवा. दुसरं काही माझ्या बाजूनं लिहिण्यासारखं नाही.

मग तिनं पिशवीतनं कागद काढले.

"तुमचं नाव बरोबर लिहिलंय का, बघता?"

मुलीचं नाव, जन्मतारीख, शाळा. त्याखाली 'प्रशिक्षक', तिथं त्यांच्या केंद्रातल्या कुणा माणसाचं नाव आधीच टाईप केलेलं. आणि त्याखाली, 'माजी प्रशिक्षक'. तिथं मी. स्पेलिंग अगदी बरोबर होतं.

"बरोबर आहे," मी कागद परत दिला.

खरं सांगतो, माझा जीव जळला. पोरगी अजून मैदानात आहे, घामानं भिजलेली आहे, महिन्याभरानं राष्ट्रीय शालेय स्पर्धा आहे, आणि मी आत्ताच माजी? तीन वर्षं माझ्या सायकलच्या कॅरिअरवर बसवून तिला बसस्टँडला नेलं, स्पर्धेला जाताना माझ्या बायकोनं तिच्यासाठी डबे केले, आणि उद्या ती कुठल्या परदेशी पदकाच्या चौथऱ्यावर उभी राहिली तर शेजारी तो टाईप केलेला माणूस उभा राहणार. तिला इथंच ठेवली तरी काय बिघडतंय? गुडघाच तर आहे. मी काय बघितला नाही तो? आता बघेन.

जीप वस्तीवर पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एवढंच चाललं होतं.

शालनवहिनीनं पुरणपोळीचा घाट घातला होता. मारिटबाई भुईवर मांडी घालून बसली, मांडी नीट जमेना तरी बसली. दोन पोळ्या खाल्ल्या आणि ताटावर हात धरला. वहिनीनं तो हात बाजूला सारून तिसरी वाढली. बाईंनी कशीबशी संपवली आणि पुन्हा हात धरला. वहिनी चौथी घेऊन आली तेव्हा बाईचा चेहरा रडवेला झाला.

"वहिनी, राहू द्या," मी म्हणालो. "त्यांच्यात एकदा नाही म्हणलं की नाहीच असतं."

"आता ग बया!" वहिनी थबकली. "मग ती माणसं पोटभर जेवत्यात कवा?"

सगळे हसले, बाईसुद्धा हसली. म्हणजे बघा, तिकडची गोष्ट इकडं सांगायला माझी जीभ कशी झटकन वळली.

हात धुवायला मी बाहेर आलो. आबा तांब्या घेऊन माझ्या हातावर पाणी घालायला आले. आजूबाजूला कोणी नव्हतं. हलक्या आवाजात म्हणाले, "सर, काय विचारणार हायत त्या?"

"दिपाला न्यायचं विचारतील."

"मग मी कसं बोलू?"

मी पंच्याला हात पुसत राहिलो. चांगला वेळ लावून पुसले.

"तुमच्या मनाप्रमाणं बोला की, आबा," मी म्हणालो.

आत येऊन आम्ही बसलो. आबा समोर, वहिनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, दिपा आतल्या खोलीच्या दाराआड. तिचा परकराचा काठ तेवढा दिसत होता. मारिटबाईंनी सगळं सांगितलं, मी एकेक वाक्याचं मराठी केलं. केंद्र डोंगरात आहे. मुलींचं राहणं वेगळं, देखरेखीला बायका. वर्षातनं एकदा घरी यायचं, तिकीट त्यांचं. दहावी इथं देऊन जून महिन्यात जायचं. नको वाटलं तर केव्हाही परत. मी एक शब्द इकडचा तिकडं केला नाही. भाषांतरात माझी चूक कुणी काढू शकणार नाही.

"तुम्ही तुमच्या मुलीला पाठवाल का?" तिनं विचारलं.

"पोरीला पाठवता का, विचारतायत," मी म्हणालो.

आबांनी मान खाली घातली. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं, ते त्यांना दाबता येत नव्हतं. मी ते स्पष्ट बघितलं. सतरंजीचा दोरा ओढत ते म्हणाले, "बाईंना म्हणावं, लई उपकार झालं. पर आमच्या पोरीपायी एवढा खर्च, एवढा ताप कशाला घेता? आमचं हाय ते बरं चाललंय."

आणि ते थांबले. उंबऱ्यातली वहिनीही थांबली. आता बाई "असं कसं, आबा" म्हणणार, मग आबा "पोरगी ल्हान हाय हो" म्हणणार, मग बाई पुन्हा म्हणणार, आणि मग आबा आवंढा गिळून हो म्हणणार. सगळं ठरलेलं होतं. फक्त बाईला ते माहीत नव्हतं.

"ते आभार मानतात," मी इंग्रजीत म्हणालो. "म्हणतात, एवढा त्रास आणि खर्च कशाला? आमचं आहे ते बरं चाललंय."

मारिटबाईचा चेहरा उतरला. तिनं पेन हातात घेतलं, पण लिहिलं नाही. माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाली, "गोरख, मी पुन्हा विचारू शकत नाही. पण तुम्ही या माणसांना ओळखता. हे नाही म्हणजे खरंच नाही का?"

तिनं नियम वाकवून मला दार उघडून दिलं होतं. दोन शब्द पुरे होते. ही आमच्याकडची रीत आहे, एवढं म्हणलो असतो तरी झालं असतं.

"हो," मी म्हणालो. "इट इज फायनल."

तिनं लिहून घेतलं. कागद पिशवीत गेले. उठून तिनं सगळ्यांना हात जोडले, वहिनीनं गडबडीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं. आबा अजून सतरंजीवरच होते.

"चालल्या?" ते म्हणाले. "सर, चालल्या काय त्या?"

"त्यांना पुण्याला पोचायचंय," मी म्हणालो, आणि जीपमध्ये जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी पहिला तास सुरू व्हायच्या आत आबा शाळेत हजर. तीन किलोमीटर त्या छातीनं चालत आलेले. स्टाफरूमच्या दारात टोपी हातात घेऊन उभे राहिले.

"सर, त्या परत कवा येणार हायत विचारायला?"

"परत येत नसतात, आबा. त्यांचा नियम आहे. एकदाच विचारतात."

त्यांना ते कळायला वेळ लागला. "एकदाच? अहो, पर मी रीतीनं बोललो हो! मला वाटलं आग्रह करतील. पोरीच्या आयुष्याचा सवाल, एकदा विचारून कोण जातं का?" मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुम्हाला ठावं होतं काय हे?"

"नाही हो. मलाही जाताना सांगितलं."

"तोंड जळो माझं," आबा म्हणाले आणि खरोखरच स्वतःच्या तोंडात मारून घेतली. शेजारच्या टेबलावर एक सर डबा उघडत होते, ते बघतच राहिले. "सर, पत्र घाला. फोन करा. म्हणावं, बाप येडा हाय, त्याचं मनावर घेऊ नका."

"ई-मेल करतो आजच," मी म्हणालो.

आणि मी गेलो, खोटं नाही. विट्याला एका इंटरनेटच्या दुकानात बसलो, तिचा पत्ता टाकला, 'डिअर मारिट' लिहिलं. मग वाटलं, राष्ट्रीय स्पर्धा चार आठवड्यांवर आहे. पोरगी माझ्या हाताखाली पदक घेऊ दे, मग लिहू. पदकवाली पोरगी कोण नको म्हणणार? तेव्हा त्या पत्रात मीही माजी नसेन. उठलो, दुकानदाराला दहा रुपये दिले. आबांना सांगितलं, पाठवलं.

ते चार आठवडे मी दिपाला घासून काढली. सकाळ, संध्याकाळ. मी स्वतः मातीत झोपलो, गाल टेकवला, गुडघा वाकलेला बघितला. पण सुधारायचा कसा ते मला माहीत नव्हतं. "सरळ ठेव, सरळ ठेव" एवढंच मी ओरडायचो. ती म्हणायची, "ठेवते की, सर. मला सरळच वाटतोय."

राष्ट्रीय स्पर्धेत पाच किलोमीटरची शर्यत. तीन किलोमीटरपर्यंत ती दुसऱ्या नंबरवर होती. एका पंचानं तिच्या नावावर लाल कार्ड टाकलं, थोड्या वेळानं दुसऱ्यानं. तिसरं पडलं की संपलं. मी कडेनं पळत ओरडत होतो. चौथ्या किलोमीटरला मुख्य पंच पुढं आला आणि लाल पाटी तिच्या समोर धरली. तिला कळलंच नाही. ती तशीच वीस-पंचवीस पावलं चालत राहिली, मग एका बाईनं धरून तिला ट्रॅकच्या बाहेर आणलं.

"काय केलं मी?" ती मला म्हणाली. "सर, मी काय चुकले?"

मी पाण्याची बाटली दिली.

परत आल्यावर मी ई-मेल पाठवला. सगळं खरं नाही लिहिलं, वडिलांचा विचार बदलला आहे एवढंच लिहिलं. दोन दिवसांत उत्तर आलं. ती जागा जानेवारीतच दुसऱ्या एका देशातल्या मुलीला दिली होती. मारिटनं शेवटी लिहिलं होतं, 'मला फार वाईट वाटतं. त्याच आठवड्यात कळवलं असतं तर मी सगळे नियम बाजूला ठेवले असते.' आबांना मी म्हणालो, जागा भरली म्हणतायत. ते म्हणाले, "बरोबर हाय. कोण किती दिवस वाट बघंल?"

दिपा आणखी दोन वर्षं माझ्याकडं चालली. गुडघा तसाच. मग बारावी झाली, लग्न झालं, आणि नवऱ्याबरोबर सेलमला गेली, तिथं त्याचं गलाईचं दुकान. मी रिटायर झालो. शालनवहिनी वारली. आबा वस्तीवर एकटे, मीही रिकामा. मग रोज पाच वाजता ग्रामपंचायतीसमोरच्या कट्ट्यावर आम्ही दोघं बसायला लागलो. अकरा वर्षं बसलो. पाऊसपाण्याचं बोलून झालं की आबा हमखास तिथंच यायचे. "माझ्या जिभंला हाड असतं तर बरं झालं असतं, सर. एक हो म्हणायला काय झालं होतं मला? पोरीचं वाटोळं मीच केलं." रोज नाही, पण आठवड्यातनं चार दिवस तरी.

गेल्या फाल्गुनात आबा गेले. छातीनंच गेले.

नवव्या दिवशी मी भेटायला गेलो. दिपा सेलमहून आली होती. अंगानं भरली आहे, केसांत थोडी चांदी. बाकीचे लोक उद्याच्या दहाव्याच्या तयारीला बाहेर गेले होते. ती माझ्यासमोर त्याच खोलीत बसली.

"शेवटी दवाखान्यात पण तेच बोलत होते," ती म्हणाली. "नाकाला नळी, आणि मला म्हणतात, दिपे, मी त्या दिवशी एकदम हो म्हणालो असतो तर? मी म्हणाले, आबा, गप पडा."

मी म्हणालो, "त्यांची काही चूक नव्हती."

"मला माहीत आहे, सर."

तिनं ते असं म्हणलं की मी वर बघितलं.

"दाराआड होते की मी," ती म्हणाली. "सगळं इंग्रजी नव्हतं कळत. पण त्या बाईनं तुम्हाला काहीतरी विचारलं आणि तुम्ही इट इज फायनल म्हणालात. फायनल मला तेव्हा पण कळत होतं, सर. क्रिकेट बघायचो की आम्ही."

सतरा वर्षं! लाज वाटली, आणि त्या वयात कुणाच्या तरी पाया पडावंसं वाटलं. "मग आबांना का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर त्यांनी मला पुन्हा तुमच्याकडं पाठवलं असतं काय? तालुक्यात दुसरं कोण होतं शिकवणारं? मला चालायचं होतं, सर."

"आणि नंतर? लग्न झाल्यावर?"

"नंतर आई गेली. मी तिकडं लांब. आबांजवळ बसायला तुमच्याशिवाय कोण होतं? फोनवर रोज सांगायचे, आज सर आले होते, आज सरांशी बोललो. म्हटलं, असू दे. आहे एक माणूस, तो कशाला काढून घ्यायचा?"

"चुकलो मी, दिपा," मी म्हणालो. "माफ कर मला."

"मला म्हणून काय उपयोग, सर? माझं झालं ते झालं. नवरा चांगला आहे, पोरं शिकतायत. त्यांना म्हणायचं होतं. नऊ दिवस झाले." ती रडत नव्हती. पदरानं उगाच गुडघ्यावरची धूळ झाडल्यासारखं केलं आणि मग, राग म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून तिनं विचारलं, "कट्ट्यावर ते तुमच्याजवळ स्वतःला एवढ्या शिव्या द्यायचे, तेव्हा तुम्ही काय म्हणायचा हो त्यांना?"

"जाऊ द्या म्हणायचो," मी म्हणालो.